माठ एक, पेले दोन

जवळा बाजार हे गाव नकाशात शोधायला बसणार असाल तर आधी चष्मा पुसून घ्या. हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका. हिंगोली जिल्हाच मुळी १ मे १९९९ चा; त्याआधी आम्ही परभणीचे. गावाच्या नावात बाजार आहे आणि तो काही उगीच नाही. हळदीच्या दिवसांत इकडून जाल तर रुमाल झटकला तरी पिवळा पडेल.

गेल्या पावसाळ्यात या गावातल्या एका कंपनीच्या शाखेतून मला निरोप आला. कंपनीचे नाव सांगत नाही. कर्ज देणे हा तिचा व्यवहार, मोठी कचेरी मुंबईला आणि त्या कचेरीचे धनी परदेशात. शाखेत माणसे चौदा. निरोप असा : "बाई, वरून एक प्रशिक्षण आलंय. कागद इंग्रजीतून मराठीत आणलेत, पण कुणाला काही उमगंना. तुम्ही मराठीच्या. जरा सरळ करून द्या आणि त्या दिवशी येऊन दोन शब्द बोला."

मी कॉलेजात मराठी शिकवते. कुणी 'भाषा सरळ करून द्या' म्हटले की मला नाही म्हणवत नाही. कागद हाती घेतले. पहिल्याच पानावर मथळा होता : 'कार्यस्थळातील वंशवाद ओळखणे व त्याचा सामना करणे.' खाली चित्र, एक गोरा हात आणि एक काळा हात एकमेकांत गुंफलेले. आत पुढे कुठेतरी 'रंगीत लोक' असा शब्द आला होता, आणि शाखेतल्या कुणा चावट गृहस्थाने त्याच्या समासात पेन्सिलीने 'होळी?' असे लिहून ठेवले होते. भाषांतर यंत्राने केलेले होते हे निराळे सांगायला नको.

हसू आले खरे, पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या कागदांचा उगम काही हसण्यासारखा नाही. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी स्टारबक्स नावाच्या कॉफीगृहात दोन कृष्णवर्णीय तरुण कुणाची तरी वाट पाहत बसले होते. त्यांनी अजून काही मागवले नव्हते, एवढ्यावरून पोलिसांना बोलावणे गेले आणि त्या दोघांना बेड्या पडल्या. देशभर ओरड झाली. मग २९ मे रोजी कंपनीने आपली आठ हजारांवर दुकाने दुपारनंतर बंद ठेवली आणि पाऊण दोन लाख नोकरांना एकाच दिवशी शिकवणी दिली. विषय एकच : मनातला भेद ओळखायचा कसा? त्या आधीपासूनच असली प्रशिक्षणे तिकडे चालू होती, नंतर तर त्यांचे पेवच फुटले. त्यातलाच एखादा थेंब ओघळत ओघळत जवळा बाजारपर्यंत आला असावा.

ठरल्या दिवशी मी गेले. शाखेचे व्यवस्थापक तरुण, हौशी, नीटस. त्यांनी पहिला प्रश्न वाचला : आपल्या कचेरीत वर्णावरून कुणाला कमी लेखले जाते का?

"मॅडम, इथं गोरा आहेच कोण?" मागून एक जण म्हणाले. "उन्हानं सगळे सारखेच."

मोठा हशा झाला. प्रत्येकाने 'नाही' या चौकोनात खूण केली. (लग्नाच्या जाहिरातीत हेच आपण सगळे 'गोरी', 'निमगोरी', 'गहूवर्णी' असे किराणा निवडावा तसे निवडतो, हे माझ्या जिभेवर आले होते, पण पहिल्या दहा मिनिटांत भांडू नये.) खुणा केलेले कागद मी गोळा केले तर ते तेरा भरले. चौदावे गृहस्थ कुठे आहेत? तर चहा आणायला गेले होते. ते शिपाई. त्यांचे नाव यादीतच नव्हते.

दीड तास झाला, घसा कोरडा पडला. कोपऱ्यात तिवईवर माठ होता, त्याच्या झाकणीवर एक स्टीलचा पेला उपडा घातलेला. दुसरा पेला खिडकीच्या कठड्यावर होता, काठाला किंचित चेपलेला. मी खिडकीजवळ होते, हाताशी आला तो उचलला आणि माठाशी गेले.

खोली गप्प झाली. शिक्षकाला ही शांतता ओळखता येते. परीक्षेत कुणाच्या बाकाखाली चिठ्ठी पडली की वर्ग असाच गप्प होतो.

"मॅडम, तो नका घेऊ. तो दुसरा घ्या."

"का हो? गळतो का?"

"नाही, गळत नाही. तो… त्याचा आहे."

'तो' दारातच उभा होता. हातात चहाचा ट्रे, वय बावन्न. गावाच्या कोणत्या अंगाला राहतात तेवढे सांगितले की पुढचे आमच्याकडे सांगावे लागत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातीवरून पडलेली वस्त्यांची नावे बदलायचा निर्णय घेतला. पाटी बदलते हो. सांगताना हात ज्या दिशेला जातो ती दिशा कोण बदलणार?

मी त्या पेल्याने पाणी प्याले. पण खरे तेच लिहायचे तर, पिण्याआधी क्षणभर थांबले. का थांबले हे मी माझ्याशी पुष्कळ वेळा घोळले आहे. सगळे पाहत होते म्हणून, असे मी स्वतःला सांगते. ते पुरते खरे असेल असे वाटत नाही. आणि तो क्षण दारातल्या माणसाने पाहिला.

दुपारनंतर गोऱ्या-काळ्या हातांचे कागद मी बाजूला ठेवले. म्हटले, वंश राहू द्या, जातीवर बोलू. दोन्ही एक नव्हेत हे मला ठाऊक आहे. पण कचेरीत बसलेल्या माणसाला जन्मावरून तोलायचे, ही तऱ्हा दोन्हीकडे सारखी. कुणी तरी खुर्ची सरकवली, कुणी फोन पाहू लागले. व्यवस्थापक म्हणाले, "पण बाई, आमच्याकडं असलं काही नसतंय." त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तो पेला त्यांनी तिथे ठेवला नव्हता. ते येण्याआधीपासून तो तिथे होता. माठ आणला, दोन पेले आले. कुणी हुकूम काढला नाही, कुणी विचारले नाही. ज्याचा होता त्यानेही नाही.

म्हणून मी माठापासूनच सुरुवात केली. सप्टेंबर १९१७. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानात मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले. कचेरीतले शिपाई कागद हातात देत ना, लांबून टेबलावर टाकत. प्यायला पाणी मिळेना. राहायला जागा मिळेना म्हणून नाव लपवून एका पारशी उतारशाळेत राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. सामान उचलून ते एका सार्वजनिक बागेत जाऊन बसले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढच्याच वर्षी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी घेऊ नये म्हणून काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. प्राध्यापकांनी, बरे का! तिथे अडाणीपणाची सबब चालायची नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली, ती बहुतेकांना नवी होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात पगार चांगला. पण त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नसे. कारण काय? तर धोट्यातली कांडी संपली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. धोटा सगळ्यांच्या ओठांना लागायचा, मग त्यांचे ओठ कसे चालतील? १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांपुढे ही गोष्ट ठेवली की, सगळ्या खात्यांत आमच्या माणसांना काम मिळाले पाहिजे, ही तुमची मागणी असल्याशिवाय आम्ही संपात येणार नाही. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. गिरणीमालकांनी मात्र हात झटकले : हा भेद आमचा नव्हेच! आणि त्यात सोयीचे असले तरी तथ्य होते. विणाई खात्याच्या दाराशी आडवे उभे होते ते शेजारच्या मागावरचे कामगार.

इथे मघाचे ते उन्हावर विनोद करणारे गृहस्थ उसळले. "मॅडम, हे शंभर वर्षांपूर्वीचं झालं. आता उलटंच आहे. आरक्षणानं आमच्याच पोरांना नोकऱ्या मिळंनात."

"तुमच्या कंपनीत आरक्षण आहे?"

"नाही. प्रायव्हेट आहे ना ही."

"मग इथे कुणाला उलटे झाले?"

हा मुद्दा त्यांना पटला असे मी म्हणणार नाही. ते गप्प बसले, एवढेच. मी त्यांना २००७ साली छापून आलेला एक अभ्यास सांगितला. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या दोघा अभ्यासकांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण सारखे, लायकी सारखी, फरक फक्त नावा-आडनावाचा. उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचा जो संभव, त्याच्या दोनतृतीयांशच दलित आडनावाच्या अर्जाच्या वाट्याला आला, आणि मुसलमान नावाच्या अर्जाच्या वाट्याला एकतृतीयांश. अजून माणूस समोर आलेला नाही, बोललेला नाही, नुसता कागद! आपल्याकडे पाहुणा आला की पाणी देता देता विचारतात ना, "आडनाव काय म्हणालात? मूळचे कुठले?" पहिल्या उत्तरात जात सापडली नाही तर दुसरा प्रश्न. हे विचारताना आपण काही वावगे करतो असे कुणाच्या मनातही येत नाही.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. मराठीत माणसाला बोलावण्याच्या वाटा किती! तू, तुम्ही, आपण. राव, भाऊ, मामा, काका, अण्णा, सर, बाई. मी फळ्यावर शाखेतल्या पदांची यादी लिहिली आणि विचारले, यांना तुम्ही हाक कशी मारता? रोखपाल पन्नाशीचे, त्यांना 'अण्णा'. वसुलीचा मुलगा तेवीस वर्षांचा, पण घराणे मोठे, त्याला 'पाटील'. त्याच्याहून लहान कारकून मुलीला 'ताई'. बाहेर बसणारा पहारेकरी साठीचा, 'मामा'. आणि बावन्न वर्षांचे शिपाई? नुसते नाव, तेही अर्धे तोडून, पुढे 'रे'. तेवीस वर्षांचा पाटील त्यांना म्हणतो, "अरे, चहा टाक." आणि ते उत्तर देतात, "हो जी."

मी काही बोलले नाही, यादी फळ्यावर तशीच ठेवली. थोड्या वेळाने रोखपालच म्हणाले, "हे असं लिहून पाहिलं नव्हतं कधी." दिवसभरात मला जे काही शिकवता आले ते बहुधा तेवढेच, आणि तेही मी शिकवले नाही.

ओळखणे झाले, सामना करणे राहिले. छापील कागदाचा सल्ला होता : शांतपणे म्हणावे, 'आपल्या विधानामुळे मला अस्वस्थता जाणवली.' जवळा बाजारच्या कुठल्या कचेरीत कोण कुणाला हे वाक्य बोलेल? बोललेच तर बाकीचे त्याला पंखा लावून देतील. तेव्हा म्हटले, तुम्हीच सांगा. समजा साहेबांनी जातीवरून विनोद केला आणि सगळे हसले. तुम्ही काय म्हणाल?

"काहीच नाही," रोखपाल म्हणाले. "साहेबाला उलटून कसं बोलावं?"

"मग ज्याच्यावर विनोद झाला त्याने बोलावे?"

"तो तर बोलूच शकत नाही."

आमच्या औंढ्याची कथा मी त्यांना इथे आठवून दिली. नामदेव महाराज देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले, त्यांना तिथून हटवले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरले. नंदी मागच्या बाजूला राहिला. ही कथा इथल्या पोराटोरांना पाठ. मी विचारले, नामदेवांना मागे जा म्हटले तेव्हा तिथे कीर्तन ऐकायला माणसे असतीलच ना? त्यांतला एक जरी म्हणाला असता, 'राहू द्या हो, गाऊ द्या,' तर देवाला एवढी यातायात कशाला पडती?

तेव्हा ती कारकून मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मी नुसतं विचारीन, कामून?"

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगते, 'कामून' म्हणजे 'का म्हणून'. आमच्या मराठवाड्याचा घरचा शब्द. उद्धट नाही, भांडखोर नाही. लहान मूलही आजोबांना विचारू शकते. आम्ही करून पाहिले. व्यवस्थापकांनी विनोद करणाऱ्याचे सोंग घेतले. मुलीने निर्विकार चेहऱ्याने विचारले, "कामून, सर? समजलं नाही." त्यांनी विनोद पुन्हा सांगितला. "म्हणजे काय, सर?" तिसऱ्यांदा त्यांना सांगवेना, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सोंगच होते ते, पण विनोद समजावून सांगावा लागला की आतला दगड हाताला लागतो.

अमेरिकेत जेन एलियट नावाच्या शिक्षिकेने याहून जहाल प्रयोग केला होता. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ ला. गाव रायसव्हिल, जवळा बाजारहूनही लहान, आणि वर्गात सगळी गोरीच मुले. तिने निळ्या डोळ्यांची आणि तपकिरी डोळ्यांची अशी वर्गाची फाळणी केली, एका गटाला श्रेष्ठ ठरवले आणि नंतर उलट केले. काही तासांत हलकी ठरवलेली मुले अभ्यासात मागे पडू लागली, जिवलग मित्र एकमेकांना हिणवू लागले. पुढे तिने तोच प्रयोग मोठमोठ्या कंपन्यांच्या नोकरदारांवर केला. लहान पोरांवर असे करावे का, यावरून अजून वाद आहेत. मला विचाराल तर माझी छाती झाली नसती.

असल्या शिकवण्यांनी माणसे बदलतात का? फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकन कंपन्यांचा अभ्यास करून २०१६ मध्ये लिहिले की, सक्तीच्या प्रशिक्षणाने माणसे उलट चिडतात. राजीखुशीने आलेल्यांवर परिणाम बरा होतो. मला यात नवल वाटले नाही. सक्तीच्या व्याख्यानाला मीही पाठीमागच्या बाकावर वह्या तपासत बसते.

आणि तिकडे गेलेली आपली मंडळी? तीही पेटीत हा माठ घेऊन गेली आहेत. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को या संगणक कंपनीवर फिर्याद लावली : एका दलित अभियंत्याला त्याच्या भारतीय वरिष्ठांनीच जातीवरून डावलल्याचा आरोप होता. त्या दोघा वरिष्ठांवरची फिर्याद २०२३ मध्ये मागे घेतली गेली, पण तोवर या विषयाला तोंड फुटले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. अमेरिकेतले असे ते पहिले शहर, आणि ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसे विधेयक संमत केले, पण राज्यपालांनी ऑक्टोबरात ते परत धाडले. आपल्याकडे घटनेचे १७ वे कलम आहे, १९५५ चा कायदा आहे, १९८९ चा आहे. तरी तुरुंगात कुणी झाडावे आणि कुणी रांधावे हे जातीवर ठरवणारे नियम रद्द करायला सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ हा दिवस उजाडावा लागला.

आता मघापासून जे लांबणीवर टाकते आहे ते सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्या कॉलेजात नवी होते. आमच्या विभागात एक तरुण सहकारी रुजू झाले. हुशार, मितभाषी. पहिल्या आठवड्यात प्राध्यापकांच्या खोलीत एका वयोवृद्ध सहकाऱ्यांनी सगळ्यांदेखत विचारले, "काय सर, तुमची निवड गुणांवर, की…?" आणि वाक्य तसेच लोंबत ठेवले. खोली हसली. मीही हसले. मोठ्याने नाही, पण हसले. वर्षभरात ते गृहस्थ कॉलेज सोडून गेले.

कचेरीतून घरी आल्यावर त्या रात्री मला झोप लागेना. दोन दिवसांनी त्यांचा नंबर मिळवला. त्यांना आधी मी आठवेना, मग आठवले. मी तो प्रसंग सांगितला, माफी मागितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही उठून खिडकी लावली होती."

मला काही समजले नाही.

"सगळे हसत होते, तुम्ही उठलात. मला वाटलं, या काही तरी बोलणार. तुम्ही खिडकी लावलीत आणि परत बसलात."

मला ही खिडकी आठवतच नव्हती. त्यांनी माफीवर काही म्हटले नाही, आणि मी पुन्हा मागितली नाही. त्यांची मुलगी बारावीला आहे, मराठी विषय घ्यावा का असे तिचे चालले आहे. त्यावर आम्ही थोडे बोललो आणि फोन ठेवला.

वाचकहो, दिवाळीचे दिवस आहेत. घरोघरी फराळाची ताटे लागतील. तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली, नाहीतर बाल्कनीतल्या नळापाशी, एक वेगळी कपबशी आहे का हो? माझ्या आईकडे होती, फुलाफुलांची, कान तुटलेली. घरकामाच्या बाईंची. मी तिला कधी 'का' म्हणून विचारले नाही. तुमच्या इमारतीत कामवाल्यांची लिफ्ट निराळी आहे का? ती कुणी ठरवली?

नवरात्रात मी पुन्हा जवळा बाजारला त्या शाखेत गेले होते, एका विद्यार्थ्याच्या शैक्षणिक कर्जाच्या कामाने. माठाजवळ पेला एकही नव्हता. तिथे कागदी पेल्यांची चळत होती. सगळ्यांना एकेक, प्यायला की टोपलीत. व्यवस्थापक अभिमानाने म्हणाले, "बघा बाई, मिटलं." मिटले की नुसते टळले, ते मला अजून ठरवता आलेले नाही. वसुलीचा पाटील शिपायांना अजून 'अरे'च म्हणतो. रोखपाल अण्णा नावापुढे 'भाऊ' लावतात, पण दर वेळी आधी किंचित अडखळतात. ती कारकून मुलगी त्यांना 'काका' म्हणते.

निघताना मी शिपायांना विचारले, तुमचा तो पेला कुठे गेला? ते म्हणाले, "घरी नेला, बाई. चांगला आहे की तो. गळत नाही."